गुरुजींच्या वायफायचा हजेरीपट

तो बुधवार होता आणि तातेराव गुरुजी अगदी ठणठणीत होते. दुपारी सव्वातीनला त्यांनी तीर्थपुरीहून लेकीला फोन लावला. संध्या नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. परीक्षा संपल्या होत्या आणि पुस्तकं परत करायला आलेल्या मुलांची रांग दारापर्यंत गेली होती.

"संध्या, कागद-पेन घे."

"नाना, मेसेज करा ना."

"मेसेज कोणीबी वाचतं. राउटरचा मुख्य पासवर्ड सांगून राह्यलो. नेट लावायचा न्हाई, तो तर भिंतीवरच लिहिलाय. हा सेटिंग उघडायचा. उद्या मला काही झालं तर लोकांची अडचण नको."

"काय होतंय तुम्हाला? सांगा."

गुरुजींनी शुद्धलेखन घालावं तसा तो पासवर्ड घातला. एकेक अक्षर दोनदा. हे मोठ्या लिपीतलं, हे लहान, आता आकडा. तिकडे संध्या फोन खांद्याने कानाशी दाबून पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होती.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

"नाना, रांग आहे इथं. लिहिलं म्हटलं ना."

"बरं, बरं. तू लिहिलं म्हणलीस म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता गुरुजी गेले.

गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती आणि बायको जाऊन सहा. हाताखाली ना शाळा, ना माणूस. अशात घरी राउटर आला आणि महिन्याभरात त्यांना त्याचं सेटिंगचं पान सापडलं. आत कोणाला घ्यायचं, कधी घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं, सगळं त्या पानावर ठरवता येत होतं. अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापकी करून इतके अधिकार त्यांना कधी मिळाले नव्हते.

त्यांनी ओट्यावरच्या भिंतीवर पासवर्ड खडूने ठळक लिहून ठेवला. गल्ली खूश झाली. पण नुसत्या पासवर्डने कोणाचंच नेट चालेना. कारण ज्या फोनचं नाव यादीत असेल, त्यालाच राउटर आत घेत असे. यादीत यायचं तर गुरुजींपुढे उभं राहून आपल्या फोनच्या सेटिंगमधला बारा अक्षरी पत्ता न चुकता वाचायचा. मग गुरुजी तो शाळेच्या एका कोऱ्या हजेरीपटात निळ्या शाईने लिहीत आणि त्यानंतर राउटरमध्ये घालत. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासाची वेळ, नेट बंद. ट्रॅक्टरवाल्या भारतचा फोन ओट्यावर मोठ्याने गाणी लावल्याबद्दल तीन दिवस निलंबित झाला होता आणि तो लेखी माफी देऊन परत आत आला होता.

सख्खे धाकटे भाऊ रखमाजी मात्र कधीच यादीत आले नाहीत. "भावापुढं उभा राहून पाढे म्हणू का मी?" हे त्यांचं म्हणणं.

आता चौथा दिवस होता. घरात मोबाईलची रेंज नव्हती, ती पाण्याच्या टाकीपाशी गेल्यावर मिळे. भेटायला येणारी मंडळी सतरंजीवर टेकायची, गुरुजींच्या फोटोला हात जोडायची, सुस्कारा सोडायची आणि मग नजर दारातून हळूच ओट्यावरच्या भिंतीकडे वळवायची.

"पासवर्ड तर बराबर हाय," कोणीतरी हळू आवाजात म्हणायचं, "तरी आत घेईना."

खरी निकड रखमाजींची होती. दहाव्याच्या बॅनरचं डिझाइन जालन्याहून व्हॉट्सॲपवर आलं होतं आणि धुरकट चौकोनापलीकडे उघडत नव्हतं.

"काका, माझ्या फोनवर बघा," संध्या म्हणाली. तिचा फोन पहिल्या दिवशीच फाटकातून आत येता येता आपोआप जोडला गेला होता. तिने मागवून उघडून दाखवलं. बॅनरवर गुरुजी पोस्टाच्या तिकिटाएवढे होते. खाली नऊ शोकाकुल, त्यातले चार गॉगल लावून. रखमाजी सगळ्यांत मोठे.

"चांगलं हाय. पण तुझ्या फोनवर पाहून मी पास केलं असं कसं होईल? माझ्या फोनवर यायला पाहिजे."

"ताई, दोन मिनिटांचं काम हाय," रखमाजींचा बबलू म्हणाला. तो एमआयडीसीत एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर चालवत असे, म्हणून घराण्यातला इंजिनियर तोच. "मागं बारीक भोक असतंय. त्यात पिन खुपसायची, दहापर्यंत मोजायचं. सगळं कोरं. मंग कंपनीवाला येऊन नव्यानं चालू करून देतो."

"कोरं म्हणजे?"

"म्हणजे दुकानातून आणल्तं तसं. नानांचं काहीच राहणार न्हाई," बबलूने तिला धीर दिला.

संध्याने राउटर उचलून मांडीवर घेतला. तो कोमट होता.

"थांब रे मेल्या," बबलूची आई उषाकाकू आतून हजेरीपट घेऊन आल्या. "भावजींनी यात लिहून ठेवलं असल."

पहिल्या पानावर अनुक्रमांक एक: संध्या. पुढे तिच्या फोनचा पत्ता. दिवाळीत तिच्याकडून दोनदा वाचून घेतलेला. बाकी सगळ्यांपुढे वेळा मांडल्या होत्या, सकाळी सहा ते सात, रात्री नऊ ते दहा. तिच्यापुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'केव्हाही'.

शेवटच्या पानावर बुधवारची तारीख होती. काकूंनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "मुख्य पासवर्ड येथे लिहिलेला नाही. वही कोणाच्याही हाती पडते. संध्याला सांगितला आहे. तिने लिहून घेतला आहे." खाली सही.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"मंग काढ की!" रखमाजी म्हणाले. "चार दिवस आम्ही डोकं फोडून राह्यलो अन् कुलपाची किल्ली हिच्यापाशी."

संध्याने सेटिंगचं पान उघडलं. सुरुवातीचं मोठं अक्षर आठवलं. मध्ये आईचं नाव होतं बहुतेक. पुढे आकडे, साल असावं. कोणतं? आईच्या जाण्याचं की आपल्या जन्माचं? पाचव्या चुकीनंतर पानाने तिला थांबायला सांगितलं.

"कागद नाशिकला राहिलाय," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, आता बबलू पिन मागेल. पण खोलीचा नूरच पालटला.

"मंग राहू दे," बबलू मागे सरकला. "ताईंनं लिहून घेतलंय तर कशाला पुसायचं? कागद आला की नानांनी लावलं तसंच राहील."

"थांबू की," रखमाजीही नरमले. "बॅनर काय, टाकीपाशी जाऊन पाहतो मी. दादानं एवढं सहीनिशी लिहिलंय."

"शेवटचं तेवढं लेकीपाशी ठिवून गेले," काकूंनी पदर डोळ्याला लावला. "अन् तिनं बी जपून ठिवलं."

सतरंजीवरच्या माना हलल्या. गुरुजींच्या फोटोपुढे दिवा होता, संध्याच्या मांडीवर राउटरच्या बारीक हिरव्या दिव्यांची ओळ लुकलुकत होती. घरात गुरुजींच्या हुकमाने चालणारं एवढंच उरलं होतं. संध्याला फक्त गप्प बसायचं होतं.

"काकू, पिन द्या."

"अगं, पण कागद..."

"द्या."

काकूंनी पदराची पिन काढून दिली. संध्याने राउटर उलटा केला, भोक शोधलं आणि पिन दाबून धरली. मोजलं मात्र बबलूने, सवयीने, मोठ्याने. दहाला हिरवे दिवे एकदम विझले.

ती फोटोकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाना, मी लिहून घेतलं नव्हतं. तुम्ही एकेक अक्षर दोनदा सांगत होतात आणि मी शिक्के मारत होते."