दोघींची दुर्बीण

मला दोन नळ्या आहेत आणि एके काळी दोन मालकिणी होत्या. मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. आता माझ्या डाव्या भिंगाच्या आत बुरशीची जाळी पसरली आहे. गळ्यात अडकवायचा पट्टा तर केव्हाच तुटला. पण पाहणे एवढेच माझे काम होते आणि ते मी चोख केले. जे पाहिले ते आज तुम्हांला सांगते.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायका दिवसभर भिंगे घासत. पापणीचा एक केस पडला तरी भिंग पुन्हा धुवायचे, अशी तिथली शिस्त होती. माझा पहिला मालक बंदरावरचा कारकून होता. वीस वर्षे त्याने माझ्यातून जहाजांची नावे वाचली. पुढे त्याची नजर गेली आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात, बंद पडलेल्या रेडिओंच्या रांगेत येऊन बसले. एका शनिवारी तिथे त्या दोघी आल्या.

एक होती दातांच्या दवाखान्यातली, बाहेरच्या टेबलावर बसणारी. रोग्यांना वेळ द्यायची, कागद लावायचे आणि खुर्चीत बसण्याआधीच भोकाड पसरणाऱ्या मुलांना गोष्टी सांगायच्या, हे तिचे काम. मुले तिला दातताई म्हणत. मग मोठेही तेच म्हणू लागले. दुसरी समोरच्या लाँड्रीत इस्त्री करायची. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, शाळांचे पडदे, सगळे तिच्या हाताखालून जाई. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे ती सरळ कधी जात नसे, टाचेवर गर्रकन वळून जाई. म्हणून तिचे नाव पडले भिंगरी.

दोघींची मैत्री जळक्या कोटावरून झाली. दातताई डॉक्टरांचे कोट घेऊन लाँड्रीत गेली होती. भिंतीवरच्या टीव्हीवर फिगर स्केटिंगची स्पर्धा चालू होती. चौदा वर्षांची एक किडकिडीत मुलगी बर्फावर अशी काही गिरकी घेत होती, की भिंगरीचा हात होता तिथेच थांबला आणि कोटाची कॉलर करपली. दातताईला तरी त्याची शुद्ध कुठे होती! तीही पडद्याकडेच पाहत होती. करपल्याचा वास आला तेव्हा दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. कोट आधीपासूनच तसा होता, असे दातताईने डॉक्टरांना बेधडक सांगून टाकले.

त्या दिवसापासून ती चौदा वर्षांची मुलगी या दोघींची झाली. तिला त्या ‘आपली मुलगी’ म्हणत. ती जगाच्या कुठल्या टोकाला राहते, काय भाषा बोलते, याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. ती पडली की या दोघी जेवत नसत. तिला गुण कमी मिळाले की पंचांचे डोळे तपासायला हवेत, असे भिंगरी म्हणे. आणि दातही, अशी पुस्ती दातताई जोडे.

मला त्यांनी अर्धे अर्धे पैसे घालून विकत घेतले. सहा महिने मी एकीकडे राहायचे, सहा महिने दुसरीकडे. गावातल्या छोट्या रिंगणात शाळकरी मुलींच्या स्केटिंगच्या स्पर्धा होत. तिकडे त्या मला घेऊन जात. पुढची रांग मिळाली तरी माझ्यातून पाहत. ‘हिच्यासारखी दुर्बीण नाही,’ असे म्हणून भिंगरी माझी भिंगे मऊ फडक्याने पुसायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

अशाच एका स्पर्धेला एक बारीकशी गोष्ट घडली. दारावर तिकिटे काढताना भिंगरी पर्समध्ये सुटे पैसे शोधू लागली. मागे रांग लागली होती. दातताईने दोघींचे पैसे भरले आणि सहज म्हणाली, “असू दे गं, तुझा पगार मला ठाऊक आहे.” तिच्या मनात काही नव्हते. पण रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवून पाहिले. त्या दिवशी खेळ सुरू झाला तरी भिंगरीने मला बराच वेळ डोळ्यांना लावले नाही. पुढच्या आठवड्यात तिने ते पैसे एका पाकिटात घालून दवाखान्यात ठेवले, आणि त्यानंतर कुठेही जायचे असले की ती सुटे पैसे आधीच मुठीत धरून यायची.

अशी पंधरा वर्षे गेली. आपली मुलगी एकोणतीस वर्षांची झाली. तिचा गुडघा दोनदा फाडून शिवला होता. मग बातमी आली, की यंदाची जागतिक स्पर्धा ही तिची शेवटची. आणि ती स्पर्धा होणार होती आगगाडीने सहा तासांवरच्या शहरात. दोघी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसल्या आणि रडल्या.

पण हौसेला मोल असते, मित्रांनो, आणि कधी कधी ते पेलत नाही. सगळ्या आठवड्याच्या तिकिटाला भिंगरीचे चार महिन्यांचे पगार गेले असते. म्हणून फक्त शेवटच्या दिवसाचे, छताखालच्या रांगेचे तिकीट काढायचे ठरले. तेही महिन्याच्या पगाराला भारी होते. त्या आठवड्यात हॉटेलवाल्यांनी दर तिप्पट केले होते. एका खाटेच्या खोलीत दोघींनी झोपायचे, डबे घरून न्यायचे, असा बेत झाला. तिकीटविक्री सुरू झाली त्या सकाळी दातताईने एका आजोबांना तोंड उघडे ठेवून बसवले आणि दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर दोन तिकिटे मिळवली. भिंगरीने आपला वाटा तीन महिन्यांत द्यायचा होता.

महिनाभरात लाँड्रीत नवे यंत्र आले. चादरी एका बाजूने घालायच्या, दुसऱ्या बाजूने घडी होऊन बाहेर. इस्त्रीवाल्या बायकांचे काम निम्म्यावर आले आणि पगारही. तेव्हा मी भिंगरीच्या घरी होते, म्हणून मला ठाऊक. तिने कागद मांडून आकडेमोड केली नाही. ती फक्त खिडकीशी बसून राहिली. दातताईला सांगितले असते तर तिने आनंदाने पैसे भरले असते. तेच तर भिंगरीला नको होते. एका संध्याकाळी ती आरशासमोर उभी राहिली आणि एकच वाक्य तिने तीन वेळा म्हणून पाहिले. तिसऱ्या वेळी आवाज कापला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच वाक्य तिने दवाखान्यात जाऊन म्हटले. “ताई, मी नाही येत. आता तेवढी हौस राहिली नाही गं. टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं.”

दातताईला ते लागले. तिने खोदून विचारले, समजावले, चिडली. शेवटी म्हणाली, “मग पंधरा वर्षं माझ्याशेजारी कोण बसत होतं?”

भिंगरीने मला धुतलेल्या रुमालात गुंडाळून आणले होते. तिने मला टेबलावर ठेवले. अजून माझे दोन महिने तिच्याकडचे होते. छताखालून बघायचे आहे, दुर्बीण लागेल, एवढे बोलून ती गेली. दुसरे तिकीट दातताईने आपल्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीला देऊन टाकले.

ते सभागृह केवढे मोठे होते! आमची रांग इतकी वर, की हात उंचावला तर छताच्या लोखंडी पट्ट्या लागतील असे वाटे. खाली बर्फ पांढऱ्या ताटलीसारखा दिसत होता. भाची भली मुलगी, पण तिला यात काडीची गोडी नव्हती. पाय आखडले, थंडी वाजते, हे कधी संपेल, असे ती दोनदा म्हणाली. दुपारी शेवटच्या सहा जणींआधी बर्फ सपाट करायला मध्यंतर झाले. या सहांत आपल्या मुलीचा नंबर पहिला होता.

पाय मोकळे करायला मावशी-भाची बाहेरच्या व्हरांड्यात आल्या. तिथे सबंध भिंत काचेची होती आणि खाली प्रवेशद्वारापुढचे पटांगण दिसत होते. दातताईने उगाच वेळ घालवायला मला डोळ्यांना लावले. पटांगणात काही माणसे पुठ्ठ्यावर लिहून तिकिटे मागत उभी होती. मी एकेकावरून सरकले आणि तपकिरी कोटातल्या एका बाईवर येऊन थांबले.

ती भिंगरी होती. शर्टाच्या घडीत घालतात तसला पुठ्ठा तिने छातीशी धरला होता. त्यावर लाँड्रीतल्या कपड्यांवर नंबर घालतात तशा चौकोनी अक्षरांत लिहिले होते: एक तिकीट हवे आहे.

मित्रांनो, दातताईच्या बोटांचा दाब मला आजही आठवतो. आधी ती आनंदाने वळली, जिन्याकडे दोन पावले गेलीसुद्धा. दारावरचा माणूस फाडलेले तिकीट दाखवले की पुन्हा आत सोडत होता. भाचीने तर हसत हसत आपली जागा दिली असती. खाली जायला आणि वर यायला दहा मिनिटे पुरली असती. पण तेवढ्यात घंटा झाली. आणि पहिल्या आनंदाच्या मागोमाग राग आला. हौस राहिली नाही म्हणाली होती ना! माझ्याबरोबर यायला नको, एकटीने मात्र चालते! दातताई पुन्हा काचेशी आली. पुन्हा पाहिले. भिंगरी आता मान वर करून इकडेच पाहत होती, पण बाहेरून काचेत आभाळाशिवाय काय दिसणार, असे दातताईला वाटले. आपल्या मुलीचे तेवढे होऊ दे, मग खाली जाऊन हिचा कान धरते, असे तिने ठरवले.

“मावशी, कोणी ओळखीचं दिसलं का?” भाचीने विचारले.

“नाही. कोणी नाही.”

आपली मुलगी बर्फावर आली. तिसऱ्या उडीला तिचा गुडघा वाकला आणि ती पडली. अख्खे सभागृह चिडीचूप झाले. मग ती उठली आणि तिने उरलेले सगळे पूर्ण केले. लोक उभे राहून दोन मिनिटे टाळ्या वाजवत होते. दातताईने मला डोळ्यांवर घट्ट धरले होते, पण तिच्या डोळ्यांतल्या पाण्याने माझी भिंगे भरली होती आणि तिला पुढचे काही म्हणजे काही दिसले नाही. गुण जाहीर व्हायच्या आत ती जिना उतरत होती. पटांगणात पुठ्ठे घेतलेली माणसे पांगली होती. तपकिरी कोट कुठेच नव्हता. तिने बसथांब्यापर्यंत धाव घेतली, हाका मारल्या. शेवटी भाचीने तिचा हात धरून तिला परत आणले.

घरी आल्यावर दोन दिवसांनी दातताई मला पोचवायला भिंगरीकडे गेली. वाटेत तिने काय काय बोलायचे ठरवले होते कोण जाणे. भिंगरीने चहा ठेवला आणि विचारले, आपली मुलगी कशी खेळली. दातताईने सारे सांगितले: पोशाखाचा रंग, संगीत, पडणे, उठणे. भिंगरी डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “ती पडली तेव्हा किती शांत झालं असेल ना.”

“तू टीव्हीवर पाहिलंस ना?”

“हो. पाहिलं की.”

एवढेच. दोघींच्या मध्ये मी टेबलावर पडले होते. मला तोंड असते तर! दातताईने एकदा माझ्याकडे पाहिले, चहा संपवला आणि ती उठली.

त्यानंतर भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. नुसते जाणे-येणे कमी होत गेले. लाँड्रीतले उरलेसुरले काम सुटल्यावर भिंगरी दुसऱ्या गावी भावाकडे राहायला गेली. जाताना मला दवाखान्यात ठेवून गेली. दातताई अर्धी किंमत देऊ लागली तेव्हा तिने मान हलवली. “विकत नाही देत, ताई. तुझ्याकडे राहू दे,” म्हणाली.

तीन वर्षांनी एक बाई दवाखान्यात आली. दात दुखतोय म्हणून नव्हे. ती भिंगरीची वहिनी होती. मागच्या थंडीत भिंगरी छातीच्या आजाराने गेली, हे सांगायला ती आली होती. दातताईने तिला आतल्या खोलीत बसवले. वहिनी म्हणाली, की वन्सं तुमच्याबद्दल फार बोलायच्या. त्या स्पर्धेबद्दल तर नेहमीच.

“तिथं पटांगणात उभ्या असताना वर काचेमागं तुम्ही दिसलात म्हणे त्यांना,” वहिनी सांगू लागली. “दुर्बीण त्यांच्यावरच रोखलेली. उन्हात भिंगं चमकली. त्याच वेळी एक म्हातारा परत चालला होता, तो स्वस्तात तिकीट देत होता. यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, माझी ताई येतेय खाली.”

दातताईने मला फळीवरून उचलून मांडीवर घेतले.

“रागानं नाही हो सांगायच्या,” वहिनी घाईने म्हणाली. “गर्दीत उतरायला वेळ लागला असेल बिचारीला, असं म्हणायच्या. आतून टाळ्या ऐकू येईपर्यंत तिथंच थांबल्या होत्या. मग गाडीची वेळ झाली.”

त्या दिवशी दातताईने मला कपाटाच्या तळाशी, ओल येते त्या बाजूला ठेवले. तेव्हापासून मी तिथेच आहे. ती आता स्केटिंग बघत नाही. कधी तरी कपाट उघडते, माझ्यावर हात ठेवते आणि पुन्हा बंद करते.

मित्रांनो, जुन्या दुर्बिणीला कोरडी जागा आणि मऊ फडके मिळाले की ती पन्नास वर्षे टिकते. माझे काय व्हायचे ते झाले. पण तुमची विनवणी करते: जे माणूस तुम्हांला दूरवर दिसले आहे, त्याला नुसते पाहत राहू नका. खेळ पुन्हा होतो. त्या माणसाकडे आधी जा.