हलू नका हं

देवश्रीने ओढणीच्या टोकाने फोनच्या कॅमेऱ्याची काच पुसली, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि वडिलांच्या उजव्या हाताची बोटं उशीवर एकेक करून पसरली. हात जड होता. जिथे ठेवावा तिथेच राहायचा.

"हलू नका हं, बाबा," ती म्हणाली आणि टायमर लावून मागे सरली.

म्हणायची सवय, दुसरं काय! हा हात हलावा म्हणून तर पाच आठवडे घरात देव पाण्यात घातले होते. झटका आला त्या सकाळीच माधवरावांची वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. त्यांना समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. सहा आठवड्यांत हातात जराशी जरी हालचाल दिसली तर पुढे पुष्कळ करता येईल, नाही दिसली तर फार आशा धरू नका, असंही तेच म्हणाले होते. व्यायाम करून घेणारा अनुज बारा दिवसांपासून गावी होता. हाताची सूज पाहायला त्याने रोज खिडकीपाशी, भरपूर उजेडात, एक फोटो काढून पाठवायला सांगितलं होतं.

फोटो आला. तीन बोटांच्या टोकांशी हिरवे ठिपके, त्यांना लागून गुलाबी. आजही! बारा दिवस हेच चाललं होतं. तिने कव्हर काढून पाहिलं, काचेवरचा प्लास्टिकचा कागद सोलून टाकला, फोन बंद करून चालू केला. ठिपके जागच्या जागी. अनुजचा रोज निरोप, "ताई, बोटं नीट दिसत नाहीत, कॅमेरा एकदा दाखवून घ्या." तिकडे दूध उतू गेलं होतं, शाळेत शिकवायला जायला उशीर होत होता, आणि देवश्रीचं डोकं फिरलं.

"हलू नका म्हटलं ना!"

ओरडली ती त्या मेल्या फोनवरच, पण पाहत होती बाबांकडे.

निरुपमाबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "अगं, त्यांच्यावर कशाला ओरडतेस? ते काय करणार बिचारे?"

दुसरा फोटो स्वच्छ आला. देवश्रीने तो पाठवला, आईची नजर चुकवली आणि चपला घातल्या.

शाळा सुटल्यावर ती फतेगंजातल्या मोबाइलच्या दुकानात गेली. गुजराती दुकानदाराने फोन उलटसुलट पाहिला, दोन-तीन फोटो काढले.

"बेन, फोनमां कंई खराबी नथी."

फोनमध्ये काही बिघाड नाही, तर मग ठिपके कसले, ते त्याने समजावून सांगितलं. समोर खिडकीचा लख्ख उजेड असला की हा फोन एक फोटो काढत नाही. काही उजळ, काही काळपट असे तीन-चार काढतो आणि एकावर एक बसवतो. एचडीआर म्हणतात त्याला. स्थिर असतं ते बरोबर बसतं. मधल्यामध्ये जे हलतं त्याचा रंग कधीकधी असा मागे राहतो.

"आमां शुं हले छे? पंखो?" यात हलतं काय, असं त्याने विचारलं.

"पंखो बंध होय छे."

त्याने फोटो मोठा केला. ठिपका बरोबर नखापाशी होता.

"तो पछी आंगळी हले छे, बेन. एचडीआर बंध करी दउं?"

आंगळी म्हणजे बोट. बाबांचं बोट! "ना ना, रहेवा दो!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.

अकोट्याला घरी परतताना रिक्षात तिने बाराही दिवसांचे फोटो ओळीने पाहिले. पहिल्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. पाचव्या दिवशी दोन बोटांना. काल तीन. माणूस रोज तिच्यासमोर बोटं हलवत होता आणि ही बया फोनकडे बघत बसली होती! विश्वामित्रीच्या पुलावर तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. तिने तिथूनच अनुजला फोन लावला.

"ताई, ही तर मोठी गोष्ट झाली! उद्या परत ठिपके आले की लगेच कळवा, मी डॉक्टरांशी बोलतो."

आईला मात्र तिने सांगितलं नाही. आधी खात्री होऊ दे.

घरी येताच तिने पर्ससुद्धा न ठेवता डबा मांडला, बोटं पसरली.

"बाबा, बोट हलवा. सकाळी हललं होतं ना, तसं."

फोटो स्वच्छ. दुसराही स्वच्छ. तिने उजेड पाहिला, फोन पाहिला, उशीच्या कडेला स्वतःचं बोट ठेवून हलवलं. तिच्या बोटाला ठिपका आला, हिरवा. शेजारची बाबांची पाच बोटं रेखीव, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. तिने व्हिडिओ काढले, मिनिटभर श्वास रोखून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. काही नाही. आता फोन नव्हे, बोटं पाहत होती ती, आणि पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला आतून हरल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी निरुपमाबाई चहा घेऊन आल्या आणि तिच्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये पाहू लागल्या.

"किती छान येतोय गं आता! त्या दिवशी तू ओरडलीस ना, तेव्हापासून बघ. ऐकतात हो तुझं."

देवश्रीने फोनवरून नजर उचलून बाबांकडे पाहिलं.

माधवरावांची सगळी नोकरी विद्यापीठात फोटो काढण्यात गेली होती. रविवारी ते मुलांना कमाटीबागेत न्यायचे, तिपाईवर कॅमेरा चढवायचे आणि दरडावायचे, "हलू नका!" एकदा तिच्या पोटरीवर मुंगळा चढला, कडकडून चावला. ती सहा वर्षांची पोर फोटो होईपर्यंत हलली नाही. त्या दिवशी बाबांनी तिला खांद्यावर बसवून घरी आणलं होतं आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं होतं, "आमची देवू शहाणी आहे."

तिने फोन डब्याला टेकवला, टायमर लावला आणि ती गुडघ्यांवर बसली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, मी चुकले. हला ना. हला हो."

टायमर टिकटिकत होता. माधवराव तिच्याकडे एकटक पाहत होते, फोटोसाठी श्वास रोखून.