रस्टाडांची रायफल

हार्लन डीक्सनं दोन्ही रायफली जुन्या ब्लँकेटात गुंडाळून ट्रकच्या सीटवर ठेवल्या होत्या. त्यातली एक आज परत येणार नव्हती. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. कोणती जायची, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावरून त्याचं आणि त्याच्या मेव्हण्याचं, ड्वेनचं, गेल्या रविवारी चांगलंच वाजलं होतं.

दोन्ही रायफली एकाच जातीच्या. विंचेस्टर चौऱ्याण्णव, थर्टी-थर्टी. खालची लिव्हर पुढं ढकलून मागं ओढली की नवीन काडतूस वर येतं, तसल्या. दोन्हींची नळी आखूड, दोन्हींना डाव्या बाजूला खोगिराला अडकवायची कडी. एक नेल्डाच्या वडिलांची, म्हाताऱ्या रस्टाडची. लग्नात म्हाताऱ्यानं ती मुलीच्या हातात दिली होती. दुसरी हार्लननं लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका रँचच्या लिलावात नेल्डासाठी घेतली. नेल्डा बुटकी होती, मोठ्या माणसाचा दस्ता तिच्या खांद्याला बसत नसे. म्हणून हार्लननं नव्या रायफलीचा दस्ता मागून दीड इंच कापला आणि लोखंडी पट्टी परत बसवून दिली. तेव्हापासून आखूड दस्त्याची नेल्डाची, आणि सासऱ्याची लांब दस्त्याची हार्लन वापरायचा. चाळीस शिकारी हंगाम असेच गेले.

फेब्रुवारीत नेल्डा गेली. मूलबाळ नव्हतं. रस्टाडांच्या घरात रीत अशी की बंदूक लेकीबरोबर जाते, पण पुढं वारस नसला तर माहेरी परत येते. ड्वेननं उन्हाळाभर विषय काढला नाही. ऑक्टोबर लागला, हंगाम तोंडावर आला, तेव्हा तो आला आणि कॉफी पिता पिता म्हणाला, "बाबांची रायफल नेईन म्हणतो."

हार्लननं उठून लांब दस्त्याची काढून दिली. ड्वेननं ती उलटीपालटी केली आणि परत टेबलावर ठेवली.

"ही नव्हे. दुसरी."

"दुसरी नेल्डाची आहे. मी घेतलेली. दस्ता माझ्या हातानं कापलाय."

"दस्त्याचं मला माहीत नाही. पण त्या लोखंडावर जो खड्डा आहे ना, तो मी पाडलाय. नऊ वर्षांचा होतो. घोड्यावरून पडलो, रायफल दगडावर. बाबांनी मला असा बडवला होता की खड्डा मी मरेपर्यंत ओळखीन."

"जुन्या बंदुकीवर खड्डे नसतात तर काय असतं?"

"हार्लन, मी काय चोर आहे का?"

"मी तसं म्हटलं का?"

म्हटलं नव्हतं, पण दोघंही तसंच बोलत होते. शेवटी ड्वेनच म्हणाला की लुइसटाउनला व्हर्ना स्टुकलकडं जाऊ. ती सांगेल ते खरं.

हार्लनला ती आखूड रायफल हवी होती, बाकी काही नको. घरातले कपडे त्यानं मार्चमध्येच चर्चला देऊन टाकले होते. तिची गादी, तिची खुर्ची, कशानंच त्याचं काही अडलं नव्हतं. पण त्या रायफलीच्या दस्त्यावर, जिथं गाल टेकतो तिथं, लाकूड काळपट झालं होतं. ते तिच्या गालानं झालं होतं. ती जागा जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती.

व्हर्नाचं दुकान म्हणजे पुढं गोळ्या, चाकू आणि केशरी जाकिटं, आणि मागं एक लांब टेबल. टेबलावर हिरवं कापड आणि वर दिवा. बाई सत्तरीची, चष्मा कपाळावर, बोटं तेलकट. राज्यातल्या अर्ध्या जुन्या रायफली तिच्या हाताखालून गेल्या असतील.

"काय रे बाबांनो," ती म्हणाली, "विकायच्यात का भांडायचंय?"

"भांडून झालंय," ड्वेन म्हणाला. "यातली बाबांची कोणती, तेवढं सांग."

तो खड्ड्याची गोष्ट सांगायला लागला, तसा व्हर्नानं हात वर केला. "गोष्टी नंतर. आधी रायफलीला बोलू दे. माणसं काय, मला रोज इथं एकेक जण येऊन सांगतो की आजोबांनी हिनं अस्वल मारलं. नंबर बघावा तर रायफल आजोबा गेल्यानंतरची."

तिनं आखूड रायफल उलटी केली. लिव्हरच्या वर जी लोखंडी पेटी असते, तिच्या तळाशी नंबर होता. भिंग लावून तिनं तो वाचला, मग कपाटातला तक्ता काढला. मग दुसरा तक्ता काढला.

"दोन कशाला?" हार्लननं विचारलं.

"दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. एक म्हणतो हे साल, दुसरा म्हणतो ते. नुसत्या तक्त्यावर विसंबणारा माणूस गाढव." तिनं नळी दिव्याखाली धरली, मुळाशी बोट फिरवलं, मग पेटीवर. "इथं शिक्का नाही. बघ, दोन्हीकडं नाही. एकोणीसशे पाचच्या उन्हाळ्यापासून कारखाना प्रत्येक रायफल तपासून इथं छोटा लंबगोल शिक्का मारायचा. तो घासून गेलेला नाही, मुळात मारलेलाच नाही. आणि नंबर तीन लाखांच्या आतला. म्हणजे पाचच्या आधीची. चार म्हण."

ड्वेननं टेबलावर हात आपटला. "आजोबांचं लग्न चारमध्ये झालं! आजीच्या बापानं नवी कोरी दिली होती!"

"ती गोष्ट आता सांग हवी तर," व्हर्ना म्हणाली.

तिनं लांब दस्त्याची घेतली. तिच्यावर शिक्का होता, पेटीवर आणि नळीवरही. नंबर साडेआठ लाखांच्या पुढचा. "ही पहिल्या महायुद्धानंतरची. एकोणीस, नाहीतर वीस. हिचा तुझ्या आजोबाशी संबंध नाही."

लिलावातल्या माणसानं तेव्हा सांगितलं होतं की रायफल मूळ मालकानं युद्धावरून आल्यावर घेतली. हार्लनला ते आत्ता आठवलं.

"मग मी दस्ता कुठल्या रायफलीचा कापला?" त्यानं विचारलं. "मी काय वेडा आहे? सासऱ्याच्या रायफलीला मी करवत लावेन?"

"तू म्हणतोस तेही खोटं नसेल," व्हर्ना म्हणाली. "नख दे."

"काय?"

"तुझं नख. इथं लाकूड आणि लोखंड जिथं मिळतात, तिथून फिरव."

हार्लननं आखूड रायफलीच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं. ते अडकलं. लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर होतं.

"आता हिच्यावर."

लांब रायफलीवर नख उलट्या बाजूनं अडकलं. तिथं लोखंड वर होतं आणि लाकूड खाली.

"कारखान्यात लाकूड आणि लोखंड एकत्र जोडून मग घासायचे," व्हर्ना म्हणाली. "म्हणून जोड सपाट येतो, शंभर वर्षांनीसुद्धा. ही दोन्ही लाकडं दुसऱ्याच्या घरात राहतायत. दस्ते बदललेत." तिनं दस्त्याच्या वरचा स्क्रू दाखवला. "एवढा एक स्क्रू काढला की दस्ता मागं सरकतो. कुणीही करू शकतं. पण ज्यानं केलं त्याच्याकडं नीट स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. दोन्ही स्क्रूंची तोंडं कशी चावलीयत बघा. नाण्यानं काढलेत."

ड्वेन हसायला लागला. "नेल्डा. आमची नेल्डा. तिनं आयुष्यात दुसऱ्या कशानं स्क्रू काढला नाही. घरातली घड्याळंसुद्धा नाण्यानं उघडायची."

हार्लनला हसू आलं नाही. "ती कशाला बदलेल? कडीला चामड्याची वादी गुंडाळलेली होती, कडी वाजू नये म्हणून. वादी मी लिलावातून आणलेल्या रायफलीवर होती, आणि बघ, ती या आखूड रायफलीवरच आहे. मीच गुंडाळली होती."

व्हर्नानं लांब रायफलीची कडी दिव्यात फिरवली. कडीवर एक तपकिरी पट्टा होता, बारीक खड्ड्यांचा. "चामड्याखाली लोखंड असं खातं. इथं वादी होती, बरीच वर्षं. मग कुणीतरी काढून त्या आखूड रायफलीवर बांधली. बाईनं काम चोख केलं होतं."

"पण का?"

व्हर्नानं आखूड रायफलीची लिव्हर चालवली. ती गेली आणि आली, आवाजसुद्धा फारसा नाही. मग लांब रायफलीची चालवली. ती अर्ध्यावर अडली, मग खाटकन पुढं गेली, आणि परत यायला तिला दोन्ही हात लागले.

गेली वीसेक वर्षं सगळ्या शिकारी कँपांत हार्लनचा एक ठरलेला विनोद होता. एका हंगामात लांब रायफलीची लिव्हर अडायला लागली, तेव्हा त्याला वाटलं होतं, जुनं लोखंड, असंच होणार. शेकोटीपाशी तो लांब रायफलीची लिव्हर खडखडवून म्हणायचा, हे बघा माझ्या सासऱ्याचं लोखंड, गोठ्याचं फाटक बरं. आणि मग नेल्डाची आखूड रायफल घेऊन लिव्हर चालवायचा आणि म्हणायचा, आणि ही मी निवडलेली. लोणी. बंदूक निवडायला नजर लागते. नेल्डा दर वेळी हसायची. विनोद एवढा काही मोठा नव्हता, पण ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. त्याला वाटायचं बायको चांगली आहे, नवऱ्याच्या शिळ्या विनोदालाही हसते.

ड्वेनलाही तेच आठवलं असावं. तो टेबलाला धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. "लोणी!" तो म्हणाला. "अरे हार्लन! लोणी! वीस वर्षं तू माझ्या बापाच्या रायफलीचं कौतुक करत होतास, आणि स्वतःच्या रायफलीला शिव्या देत होतास. माझ्यासमोर!"

"पुरे."

"नजर लागते म्हणे!"

"पुरे म्हटलं ना."

ड्वेननं रुमालानं तोंड पुसलं. व्हर्ना तेवढ्यात लांब रायफलीच्या पेटीत दिवा घालून बघत होती. "हिला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आत जुनं ग्रीस आहे, दगड झालेलं. कारखान्यातलं नसेल, पण कुणीतरी भरपूर घातलंय आणि कधी धुतलं नाहीये. वीस मिनिटांचं काम. हीसुद्धा तशीच चालेल."

ग्रीस हार्लननंच घातलं होतं, लिलावातून आणल्यावर, बायकोची रायफल गंजू नये म्हणून. तिनं एकदा म्हटलं असतं की अरे, ही जड जाते, तर त्यानं त्याच रात्री उघडली असती. ती म्हणाली नाही. नवऱ्यानं हौसेनं आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची नव्हती तिला. त्यापेक्षा तिनं एक नाणं घेतलं, दोन स्क्रू काढले, बापाच्या लोखंडाला नवऱ्याचं लाकूड लावलं, वादी इकडची तिकडं केली, आणि गप्प बसली. मग शेकोटीपाशी हसत राहिली.

व्हर्नानं कागदाचा तुकडा घेतला. "आता किंमत. आहेत तशा ठेवल्या तर दोन्ही मिश्र. चारची, कापलेल्या परक्या लाकडासकट, हजार डॉलर, कुणी शहाणा भेटला तर. पण हिचं स्वतःचं लाकूड त्या दुसरीवर आहे, पूर्ण लांबीचं, कुणी पॉलिश केलेलं नाही. ते हिला परत लावलं तर अडीच हजार. दुसरी तशीही कापलेल्या दस्त्याची होणार, तिचं फार काही होत नाही. बदलू का? पाच मिनिटं लागतील. माझ्याकडं नीट स्क्रू-ड्रायव्हर आहे."

"बदल," ड्वेन म्हणाला. "बाबांची रायफल बाबांच्या लाकडासकट मला. हार्लन, तुला तुझं लाकूड. तुला तेच हवंय ना? गालाची जागा. मी बघितलंय तू तिथं हात फिरवताना."

हार्लनला वाटलं नव्हतं की ते कुणी बघितलंय.

व्हर्नानं स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूच्या तोंडात बसवला.

"थांब," हार्लन म्हणाला.

दोघं त्याच्याकडं बघायला लागले. पाच मिनिटांनी त्याच्या हातात ती काळपट जागा असती, पण ती त्या जड लोखंडाला लावलेली, जे तिला नको होतं. तिनं मुद्दाम टाकून दिलेल्या रायफलीवर तिचा गाल.

"बदलू नको," तो म्हणाला. "तिनं जोडलंय तसं राहू दे. ड्वेन, तू ती तशीच ने."

"आखूड दस्ता घेऊन मी काय करू? मी सहा फूट दोन इंच आहे. अंगठा नाकात जाईल माझ्या."

"जाऊ दे."

"आणि अडीच हजाराची रायफल हजारावर आणायची?"

"तू विकणारेस का?"

"विकेन कशाला?"

"मग?"

ड्वेननं व्हर्नाकडं बघितलं. तिनं स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. हे तिच्या तक्त्यात बसणारं नव्हतं.

"तुला काय उरलं मग?" ड्वेननं विचारलं. आता तो चेष्टा करत नव्हता. "तुला तर तीच हवी होती. रविवारी तू माझ्या अंगावर आला होतास तिच्यासाठी."

"मला वाटत होतं ती माझी आहे. ती तिची होती. आणि तिनं बापाची निवडली होती." हार्लननं लांब रायफल उचलली. "ही मी घेतलेली, हिला मी ग्रीस घातलं, ही वीस वर्षं मी ओढली. व्हर्ना, हिचं ग्रीस काढून दे. थांबतो मी."

व्हर्नानं ती घेतली आणि मागच्या खोलीत गेली. आतून उग्र वासाचं तेल ओतल्याचा आणि ब्रशचा आवाज यायला लागला.

ड्वेननं आखूड रायफल उचलून खांद्याला लावून बघितली. खरंच अंगठा नाकाला लागला. त्यानं शिवी दिली आणि रायफल हळूच परत ब्लँकेटवर ठेवली. मग त्यानं ती गुंडाळायला घेतली.

"ड्वेन."

"हं?"

"जुन्या रायफलीचं लाकूड पुसायचं नसतं. किंमत जाते. तूही नाही, आणि घरी तुझ्या डार्लीनलाही सांग. ती दिसेल त्या वस्तूला लिंबाचं पॉलिश मारते."

"गाईच्या शिंगांनाही मारेल," ड्वेन म्हणाला. त्यानं ब्लँकेटचं टोक दस्त्यावर ओढलं, ती काळपट जागा झाकली गेली, आणि मग हात तिथंच ठेवून तो म्हणाला, "नाही पुसणार. सांगतो तिला."