आणखी एक पुरावा

दोनशे बारा.

भिंतीवरच्या फळीवर अनोळखी माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे.

'तुमची मेलपेटी भरली आहे. चोवीस तासांत जुने मेल पुसले जातील. थांबवण्यासाठी इथे पासवर्ड भरा.'

नवा दात फारच पांढरा झाला, तर कवळीवाली त्यावर मुद्दाम पिवळट डाग रंगवते. लोकांना तोंडात खोटं चालतं, खोटं दिसलेलं चालत नाही.

आई जाऊन दीड वर्ष झालं.

तर झालं असं. कवळीवालीच्या पेटीत आईचे दोनशे बारा मेल होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. ते पुसले जाणार म्हटल्यावर तिने हातातलं काम टाकलं. सकाळी साडेनऊला, मेणाने माखलेल्या बोटांनी, तिने पासवर्ड भरला. दहाला पेटी उघडेना. चोराने कुलूपच बदललं होतं.

"धन्य आहे वहिनी! जन्मभर खोटे दात केलेस, अन् खोटा मेल ओळखला नाहीस?" नणंद म्हणाली. ती त्याच दातांच्या लॅबमध्ये डॉक्टरांचे फोन घ्यायची. बोलता बोलता ती मेल कंपनीच्या खऱ्या साइटवर तक्रार भरायला बसलीसुद्धा.

तेवढ्यात कवळीवालीच्या फोनवर अनोळखी नंबरवरून निरोप आला. 'मॅडम, तुमचे खाते सोडवून देतो. आता सहा आकडी कोड येईल, तो पाठवा. पुरावा म्हणून तुमचा एक मेल देत आहोत.'

त्या निरोपाखाली आई होती. 'गुडघा बरा आहे. जेवायच्या वेळी काम करत बसू नकोस.'

कवळीवालीला हुंदका फुटला. मागोमाग कोडही आला.

"ताई, यांना सापडलंय गं!"

"सापडलंय? अगं, पेटी उघडल्याशिवाय आतलं वाचलं कसं त्याने? चोर तोच! खात्यावर तुझा फोन नंबर तेवढा उरलाय. कोड दिलास की तोही काढून टाकेल, मग बस बोंबलत."

पटलं. पण जीव राहीना. तिने लिहिलं, 'विश्वास बसत नाही. आणखी एक पुरावा पाठवा.'

आला. 'नवा डॉक्टर उगाच हसतो.' तिने तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. 'आणखी एक.' तोही आला. चौथ्यात दोनच शब्द होते, 'कधी येतेस?' त्या मेलला तिने कधी उत्तरच दिलं नव्हतं.

मग चोराचा धीर सुटला. 'कोड द्या. नाहीतर पाच मिनिटांत सगळे पुसतो.'

"ताई, दोनशे आठ राहिलेत."

"त्याने पुसले तर कंपनी कदाचित परत आणेल. खातंच गेलं तर कोण आणणार?"

"कदाचित?"

"कदाचितच. तुला खोटं कशाला सांगू?"

कवळीवालीने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. फोन थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबला.

तोच मेल सकाळी नऊला शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही आला होता. पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचा नाही हे बघून तिने तो काढून टाकला, आणि इतरांना सांगायचं राहून गेलं.