दोन्ही नळ्यांत सलाइन

कानकोरणीने रसायनाची बाटली खिडकीकडे धरून पाहिली. सील तसंच होतं. म्हणजे सकाळी तिने चुकून दोन्ही नळ्यांत नुसतं सलाइनच भरलं होतं, आणि तरी पडद्यावरची रेघ रसायन दिल्यासारखी झकास खाली आली होती.

कानकोरणी हे नाव तिला प्रयोगशाळेने ठेवलेलं. चार वर्षं ती आतल्या कानातल्या केसपेशींमागे हात धुऊन लागली होती. आवाज आला की या पेशींमधली कॅल्शियमची दारं उघडतात, आणि मेंदूकडून येणारं हे रसायन ती अर्धवट लोटून घेतं, म्हणून पडद्यावरची रेघ उतरते, असं तिने सरांबरोबर दाखवलं होतं. गेल्या वर्षी त्यावर शोधनिबंध छापून आला. त्याच्याच जोरावर तिला दुसऱ्या संस्थेत नोकरी लागली होती; सोमवारी रुजू व्हायचं होतं. बाटली मुकाट्याने कपाटात ठेवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

तिने आणखी दोन पेशींवर मुद्दाम सलाइनच सोडलं. रेघ दोन्हीकडे उतरली. ती सरांच्या खोलीत गेली आणि झालेलं सगळं सांगितलं.

"पेशी मरायला टेकली असेल," सर मान वर न करता म्हणाले.

"तिन्ही, सर?"

"सोमवारी नोकरीवर जायचं सोडून हे काय उकरत बसलीस?"

तरी ते उठले आणि तिच्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. चौथी पेशी चांगली धडधाकट होती. आधी सलाइन, मग पुन्हा सलाइन. रेघ उतरतच गेली. मोजणीची काचेची सुई लागली की दारं हळूहळू आपसूकच मिटत होती, रसायन असो नसो. पण रसायन नेहमी दुसऱ्या नळीतून, सलाइननंतर, म्हणून सगळं श्रेय त्याच्या पदरात पडलं. ते धुऊन काढलं तरी रेघ वर येत नसे, तेव्हा अंमल किती जबर आहे म्हणून दोघं खूश व्हायचे. एकदा क्रम उलटा करून बघावा, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सरांनी दोन्ही नळ्या बंद केल्या. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"शोधनिबंध मागे घ्यावा लागेल, सर," ती म्हणाली. "त्या संस्थेलाही मी कळवते. मग त्यांनी काय ते ठरवावं."

"लिही. आत्ताच लिही."

तिने मासिकाला चार ओळींचं पत्र टाइप केलं. खाली नावं घातली, छापून आली होती तशीच. आधी तिचं, मग सरांचं.

"माझं वर घे."

"प्रयोग मी केलेत, सर."

"आधी सलाइन, मग रसायन, हे तुला शिकवलं कुणी?"

 सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, आपलं नाव तिच्या नावाच्या वर लिहिलं.