मेष्ट्रूंची पेन्सिल

अक्षराने कागद टेबलावर पुढे सरकवला आणि पेन्सिल त्याच्यावर आडवी ठेवली. रघुजीरावांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. सातच मिनिटं झाली होती. त्यांनी वीस दिली होती, आणि ती वीसही बहुतेकांना पुरत नसत.

गणित त्यांचं स्वतःचं होतं, चामराजपेटेच्या सरळ रेषेतल्या रस्त्यांवरून रचलेलं. घरापासून देवळापर्यंत जायचं, पाच रस्ते पूर्वेकडे, पाच उत्तरेकडे, मागे फिरायचं नाही. वाटेतले दोन नाके खोदकामासाठी बंद. तर वाटा एकूण किती? हुशार मुलं सूत्र मांडत, दोन्ही नाक्यांवरून जाणाऱ्या वाटा वजा करत आणि दोनदा वजा झालेल्या परत मिळवायला हमखास विसरत. अक्षराने सूत्राला हात लावला नव्हता. तिने सगळी पेठ कागदावर काढली होती. प्रत्येक नाक्यावर तिथे किती वाटांनी पोचता येतं तो आकडा लिहिला होता, बंद नाक्यांवर शून्य घातलं होतं, आणि बेरजा करत करत ती देवळापर्यंत गेली होती. एक्क्याऐंशी.

उत्तर बरोबर होतं. ही रीत रघुजीरावांना ठाऊक नव्हती असं नाही, पण या टेबलाशी बसून ती स्वतःहून शोधून काढणारं कुणी त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. एरवी त्यांनी असा कागद आतल्या खोलीत नेऊन दोनदा वाचला असता. आज त्यांना तो उलटा करून ठेवावासा वाटला.

दाराजवळच्या खुर्चीवर अक्षराचा बाप, नंदू इंगळे, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. तो टेबलाकडे बघत नव्हता, पेन्सिलीकडे बघत होता.

कारण निकाल पेन्सिलच सांगत असे. रघुजीराव मोहिते कॉलेजातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सगळी पेठ अजून त्यांना मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, म्हणत असे, आणि दर जानेवारीत आपापली मुलं त्यांच्यापुढे आणून बसवत असे. आयआयटीची परीक्षा या मुलाच्या आवाक्यातली आहे का, एवढंच सांगायचं. ते तोंडाने काही सांगत नसत. मूल पास होईल असं वाटलं तर पेन्सिल त्याच्या हातात देत, घरी न्यायला. नाही वाटलं तर ती पुन्हा टेबलावरच्या पेन्सिलींच्या पेल्यात उभी करत. मग आईबाप उठून नमस्कार करत आणि मुलाला कुठल्यातरी साध्या कॉलेजात घालत. वीस वर्षांत नऊ पेन्सिली गेल्या होत्या आणि नऊच्या नऊ मुलं पास झाली होती. मेष्ट्रूंना याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याची कलाही त्यांना फारशी जमत नसे.

त्यांनी पेन्सिल उचलली. क्षणभर बोटांत धरली. आणि पेल्यात ठेवली.

अक्षराने पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"उत्तर चुकलं का, सर?"

आजवर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"उत्तराचं नाही," रघुजीराव म्हणाले. "रीत लांबची आहे. तिकडे एवढा वेळ देत नाहीत."

"सरी, सर," ती म्हणाली, ठीक आहे म्हणतात तसं. तिने वाकून नमस्कार केला. नंदूनेही केला, पण रघुजीरावांना वाटलं होतं तसा तो सुटल्यासारखा दिसला नाही. चपला घालताना त्याला पट्टा सापडेना.

त्याच्यासाठीच तर केलं होतं हे सगळं. आदल्या संध्याकाळी नंदू एकटाच आला होता. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून थेट, कंपनीच्या बसमधून उतरून, डबा हातात घेऊन. बस म्हटलं तर बसला नाही. बायकोचं सांगत राहिला. अनुसूयाची डावी बाजू जाऊन दोन वर्षं झाली, अण्णा. पोरगी पाचला उठते, पाणी भरते, आईला आंघोळ घालते, भरवते, मग कॉलेजला जाते. मद्रासची आयआयटी म्हणजे चार वर्षं तिकडेच राहायचं. मग डबा या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला होता, "तुम्ही नाही म्हटलं तर ती गप बसेल, अण्णा. दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही."

रघुजीरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तू जा घरी. काळजी करू नको," असं म्हणाले होते. त्यांना पुढचं काही विचारायची गरजच वाटली नाही, इतकं त्यांना ते आतून समजलं होतं. त्यांची पहिली पेन्सिल त्यांच्याच मुलीला, संयोगिताला गेली होती. ती पास झाली, शिकली, अमेरिकेला गेली. रविवारी फोन करते. तिची आई शेवटचे आठ महिने अंथरुणावर होती तेव्हाही तिने दर रविवारी न चुकता फोन केला. तेव्हा रघुजीरावांच्या मनात कैकदा आलं होतं, की त्या दिवशी पेन्सिल पेल्यात ठेवली असती तर. हे ते कुणाला बोलले नव्हते. नंदू बोलला, असं त्यांना वाटलं.

त्यानंतरचे दहा दिवस वाईट गेले. सकाळी दाढी करताना आरशात बघावं तर मुलीचा प्रश्न आठवायचा. तो कागद त्यांनी फाडला नाही, फेकलाही नाही. रद्दीत घातला, आणि रद्दीवाला आला तेव्हा पुन्हा बाहेर काढला. एका बापाची अडचण आपण सोडवली, असं ते स्वतःला समजावत, आणि ते समजावणं जेवण होईपर्यंतही टिकत नसे. आपण खोटं बोललो होतो. तेही गणितात, जिथे आयुष्यात कधी बोललो नव्हतो. लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखीही नव्हती.

रविवारी सकाळी मार्केटच्या कोपऱ्यावर नंदू भेटला. हातात मेथीच्या जुड्या होत्या.

"अण्णा, घरी या स्वल्प, थोडा वेळ. कस्तुराअक्का आलीय कोलारहून. तुमचं नाव ऐकून आहे, भेटायचं म्हणते."

"बहीण का तुझी? सहज आली?"

नंदू ओशाळं हसला. "सहज कुठली. पेटी घेऊन आलीय. चार वर्षांच्या तयारीनं."

रघुजीराव चालता चालता थांबले.

"तुमच्याकडे येऊन गेलो ना आदल्या दिवशी," नंदू म्हणाला, "तुम्ही काळजी करू नको म्हणालात. मला वाटलं, झालंच आपलं काम. जातानाच टपालपेटीत पत्र टाकलं, अक्का, अनुसूयाला बघायला ये, पोरीला मद्रासला धाडायचंय म्हणून. अक्कानं आपलं घर भाड्यानं दिलं, म्हैस विकली. आता तिला काय सांगू, आलीस तशी परत जा?"

"पण तू तर..." रघुजीराव म्हणाले. "तू मला नाही म्हणायला सांगायला आला होतास."

"मी?" नंदूला खरंच कळलं नाही. "मी म्हटलं, नीट कसून बघा. अक्काला तिच्या घरातून उठवायचं, म्हणजे पोरीत तेवढं आहे ना, हे तुमच्या तोंडून कळायला हवं. नसेल तर नाही म्हणा, ती ऐकेल. तेच म्हटलं ना मी?" मग रघुजीरावांचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "तुम्ही खरं ते केलंत, अण्णा. तिकडे जाऊन नापास होऊन आली असती, त्यापेक्षा हे बरं."

उरलेल्या वाटेत नंदू मेथीचा भाव सांगत होता. रघुजीरावांना घराकडे वळावंसं वाटत होतं. वीस वर्षं लोकांनी आपल्या पेल्याकडे बघून मुलांची आयुष्यं ठरवली, आणि त्यातलं हे एक आपण स्वतःच्या दुःखाकडे बघून ठरवलं. हे सांगितलं तर पुढच्या जानेवारीत दाराशी कुणी येणार नाही. न सांगितलं तर कुणालाच कळणार नाही, नंदू तर उलट आभारच मानतो आहे. इतकं सोपं होतं ते. खिशातली पेन्सिल बोटांना लागत होती. कागदाबरोबर तीही ते दहा दिवस इकडून तिकडे ठेवत होते, आणि आज का कोण जाणे, घरातून निघताना खिशात घातली होती.

घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं होतं. दारात पत्र्याची निळी पेटी होती, अजून न उघडलेली. आत खाटेवर अनुसूया उशांना टेकून बसली होती. कस्तुराबाईंनी पदर सारखा केला.

"या, मेष्ट्रे. तुम्ही होता म्हणून बरं. नाहीतर पोरीला कुणी खरं सांगितलं असतं?"

अक्षराने कॉफी आणली. पेला ठेवताना तिने रघुजीरावांकडे पाहिलं नाही. बी.कॉम. करायचं ठरलंय, जवळच कॉलेज आहे, असं नंदू सांगत होता. रघुजीराव फळीकडे बघत होते. फळीवर अनुसूयाच्या औषधाच्या बाटल्या होत्या, आणि बाटल्यांखाली अंथरलेला, घडीवर दुमडलेला, आयआयटीचा फॉर्म होता. वरच्या ओळीत शाईने अक्षराचं नाव लिहिलेलं दिसत होतं. बाकीच्या ओळी कोऱ्या होत्या.

"हा कधीपर्यंत पोचायचा होता?" त्यांनी विचारलं.

"मंगळवार," अक्षरा म्हणाली.

कॉफी निवत चालली होती. रघुजीरावांनी पेला उचलला, ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"अक्षरा, तुझं उत्तर बरोबर होतं. रीतही. माझ्यापुढे इतकं चांगलं गणित कुणी सोडवलं नाही."

बाहेरून कुणीतरी रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भाड्यावरून वाद घालत होतं, ते आत ऐकू येत होतं.

"मग पेन्सिल?" नंदूने विचारलं.

"दिली नाही."

"का, अण्णा?"

"मला वाटलं, ती घरीच राहावी असं तुला वाटतंय. बायकोसाठी. तू तसं म्हणाला नव्हतास. मीच तसं ऐकलं." त्यांना आणखी सांगायचं होतं, संयोगिताचं, रविवारच्या फोनचं. पण ती सबब झाली असती. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

खाटेवरून अनुसूयाचा आवाज आला. तिला शब्द जुळवायला वेळ लागे आणि सगळे तिच्यासाठी थांबत.

"माझ्या... नावावर खोटं?"

रघुजीरावांना तिच्याकडे बघवलं नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. तिला नवं टोक केलेलं होतं, कधी केलं ते त्यांना आठवेना. त्यांनी ती टेबलावर, कॉफीच्या पेल्याशेजारी, अक्षराच्या बाजूला सरकवली.

अक्षराने पेन्सिलीकडे पाहिलं. मग ती उठली आणि फळीकडे गेली. एकेक बाटली उचलून तिने खिडकीत ठेवली, आईच्या सकाळच्या गोळ्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. खालून फॉर्म ओढून काढला. त्यावर औषधाचं एक तपकिरी कडं उमटलं होतं. तिने ते ओढणीने पुसलं. गेलं नाही. ती टेबलाशी येऊन बसली आणि पेला बाजूला सारून तिने फॉर्म सपाट केला.

"शाईनंच लिहायचं असतं, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, निदान ऐकू येण्याइतका नव्हता. तिने हात लांब करून वडिलांच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"अप्पा, तुमचं पूर्ण नाव कसं लिहू?"

नंदूने सांगितलं. कस्तुराबाई दारातल्या पेटीपाशी गेल्या आणि तिथेच बसून कुलूप उघडायला लागल्या.

रघुजीराव उठले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ते चपला घालून जिना उतरले आणि रस्त्याला लागले. नाक्यापर्यंत पोचतात तोच मागून हाक आली. कस्तुराबाई धापा टाकत येत होत्या, एका हातात पदर, दुसऱ्या हातात पेन्सिल.

"मेष्ट्रे," त्या म्हणाल्या, "ही तुमची तिथेच राहिली होती."