तळहातावरचा राज्यमासा

पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, चंदरनं, होडीवर त्याचं चित्र रंगवून घेतलं. चांगलं ताटाएवढं. आणि त्याच होडीतून तो तळहातात मावतील अशी पिल्लं आणतो, एकदाही अंडी न घातलेली. माझं डोकं फिरतं.

वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, जाळं बदल, मोठ्या भोकांचं घे, पिल्लं निसटू देत. त्याचं एकच उत्तर, "आपण न्हाय धरली तं बाजूवाला धरील." बाजूवालाही हेच म्हणतो. अशानं पापलेट संपणार आणि आमची पोरं रेवदंड्याच्या बंदरावर माशा मारत बसणार, हे कुणाला दिसत कसं नाही?

आमच्यात मासळी धरणं पुरुषांचं, विकणं बायकांचं. म्हणून एक दिवस पिल्लांचा क्रेट मी मागं ढकलला आणि बंदरावर नुसते बोंबील विकायला बसले.

तेवढ्यात मुंबईचा कुणी ऋत्विक कॅमेरा घेऊन आला. अख्ख्या महाराष्ट्राची ओळख करून देणारा व्हिडिओ करत होता. डोंगर, नद्या, किल्ले, शेकरू, हरियल, ताम्हणाचं फूल, शिवाय कुठं राहायला किती खर्च येतो तेही. चौलचं जुनं बंदर आटपून इकडं वळला होता.

"मावशी, राज्यमासा दाखवा ना."

मी क्रेटमधलं एक पिल्लू उचलून तळहातावर ठेवलं. "ह्यो बघ तुमचा राज्यमासा. पिल्लू हाय. माझाच नवरा धरून आणतो. अशीच धरत राह्यलो तं ह्यो फक्त होडीवर रंगवलेला दिसंल."

आणखी बरंच बोलले. चंदरनं ऐकलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. म्हटलं, लाज वाटली असेल तर बरंच झालं.

व्हिडिओ आला. त्यात माझा एक शब्द नाही. माझा हात, हातावर पिल्लू, मागं ढोलकी वाजतेय. खाली अक्षरं होती, 'राज्यमासा पापलेट. कोकणात राहणं स्वस्त, ताजी मासळी रोजच्या ताटात.' स्वस्त म्हणे! डिझेल आणि बर्फ घेताना आमचा जीव मेटाकुटीला येतो. माझ्या घरच्या ताटात पापलेट शेवटचं कधी पडलं, मला आठवत नाही.

रविवारी गाड्या भरून माणसं आली. "ती व्हिडिओतली छोटी पापलेटं आहेत का?"

"न्हाय," मी म्हणाले.

चंदर मागंच उभा होता. जन्मात कधी मासळी विकायला न बसलेला माणूस, पण मी मागं सारलेला पिल्लांचा क्रेट त्यानं स्वतः पुढं ओढला. "हायत की. किती पायजेत?" मग माझ्याकडं बघून हसला. "किशोरी, जाहिरात तं तूच केलीस."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. उठून उभी राहिले आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडले, "न्या, सगळी न्या. पिल्लं हायत ती. आज खा, आन पुढल्या वर्षी येऊ नका. तुमाला काय गावायचं न्हाय, आमाला बी न्हाय." आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही मला राग आला.

गिऱ्हाइकं थबकली. चंदर मान खाली घालून पिल्लं पिशवीत भरत राहिला. पुढं उभ्या असलेल्या बाईनं पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"मावशी, परत एकदा बोला ना. मघाचं रेकॉर्ड नाही झालं."